प्लास्टिकवरचा चिकटा



चिकटा म्हटलं की आपल्या परभणीकडच्या शेतकऱ्याला प्रथम ज्वारी आठवते. मावा पानातला रस शोषतो, त्याच्या अंगातून साखरेचे पाणी पडते, आणि पाने अशी चकचकीत व चिकट होतात की शेतातून फिरून आले तर धोतराला, लुगड्याला पान चिकटून यावे. पुढे त्याच चिकट्यावर काळी बुरशी चढते. पण एखादी चांगली सर येऊन गेली की त्यातला बराचसा चिकटा धुऊन जातो. कारण उघड आहे. तो साखरेचा असतो, आणि साखर पाण्यात विरते.

आज मी ज्या चिकट्याविषयी बोलणार आहे, तो मात्र पावसात महिनाभर ठेवला तरी हलायचा नाही. नवा प्लास्टिकचा डबा घरी आणावा, त्यावरचे किमतीचे लेबल हौसेने ओढावे, तर कागद अर्धा हातात येतो आणि अर्धा तिथेच राहतो. उरलेला कागद भिजवून काढला तरी खाली डिंकासारखा एक थर शिल्लक राहतो. त्यावर धूळ बसते, पीठ बसते, आणि चार दिवसांत नव्या डब्यावर काळा डाग तयार. मग कोणी चाकूने खरवडतो, कोणी पेट्रोलचा बोळा फिरवतो. डाग जातो, पण कधी डब्याची चकाकी जाते, कधी डबाच तडकतो, आणि क्वचित त्याहून वाईट घडते. विषय दिसायला लहान आहे खरा, पण डब्यावरच्या डिंकाने कोणाचे काही बिघडत नाही. बिघडते ते डिंक काढण्याच्या घाईने. म्हणून हे चार शब्द.

तर हा चिकटा मुळात आहे काय? आपला बाभळीचा डिंक किंवा घरची खळ घ्या. ही पाण्यात कालवलेली असते; पाणी उडून गेले की वाळते आणि धरते. पुन्हा ओली केली की सुटते. लेबलाच्या पाठीमागचा डिंक तसा नाही. तो वाळतच नाही, आणि वाळू नये अशीच त्याची घडण केलेली असते. बोटाने दाबले की धरावे, पाण्याची किंवा उष्णतेची गरज पडू नये, यासाठी रबरात राळ मिसळून तो प्रथम करीत. अलीकडे बहुतेक ठिकाणी अ‍ॅक्रिलिक जातीचा वापरतात. अमेरिकेत रिचर्ड ड्र्यू या गृहस्थाने १९२५ च्या सुमारास अशी चिकटपट्टी तयार केली, आणि १९३५ मध्ये स्टँटन अ‍ॅव्हरी याने अशाच डिंकाची लेबले करून विकायला सुरुवात केली. आज बियाण्याच्या पिशवीपासून औषधाच्या बाटलीपर्यंत जे जे लेबल आपण पाहतो, ते बहुतेक त्याच वंशातले.

असा डिंक पाण्याला दाद देत नाही, तेलाला देतो. ही गोष्ट आपल्या लोकांना नवी नाही. कोकणातल्या बायका फणस फोडायला बसताना हाताला आणि विळीला आधी खोबरेल चोपडतात. फणसाचा चीक पाण्याने धुतला तर अधिकच पसरतो, तेलाने मात्र सुटतो. लेबलाच्या डिंकाचे नेमके तेच आहे.

मग तेल लावले की झाले काय? बहुतेक वेळा, होय. पण त्याआधी आपल्या हातातले प्लास्टिक कोणते आहे ते पाहिले पाहिजे. कारण प्लास्टिक हे काही एका वस्तूचे नाव नव्हे. जसे धान्य म्हटले तर ज्वारीही आली आणि तूरही आली, तसेच हे. डब्याच्या बुडाशी त्रिकोणात एक आकडा छापलेला असतो. ही पद्धत १९८८ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. १ म्हणजे पाण्याच्या पातळ बाटल्यांचे प्लास्टिक, २ म्हणजे कॅन, पिंप, बादल्यांचे, ५ म्हणजे बहुतेक जेवणाचे डबे आणि बरण्यांची टोपणे. ६ आकड्याचे प्लास्टिक मात्र नाजूक. थर्मोकोल हे त्याचेच फुगवलेले रूप. थर्मोकोलवर पेट्रोलचे थेंब पडले तर ते बघता बघता विरघळून खड्डा पडतो, हे गणपतीची मखरे करणाऱ्यांनी पाहिलेले असेल. तेच प्लास्टिक न फुगवता, पारदर्शक आणि कडक असे, स्वस्त डब्यांसाठी, पट्ट्यांसाठी वापरतात. आकडा पुसला गेला असेल तर एक सोपी पारख आहे. टोपण किंवा तुटका तुकडा पाण्यात टाकून दाबा आणि सोडा. वर आला तर तो बहुतेक २, ४ किंवा ५ या सोशीक जातीचा. तळाशी बसला तर जरा जपून. ७ हा आकडा म्हणजे ‘इतर’, आणि त्यात पुष्कळ काही येते, तिथेही जपूनच.

इथे एक गोष्ट मोटारसायकलवाल्या तरुणांसाठी सांगतो. शिरस्त्राणाचे, म्हणजे आपण ज्याला हेल्मेट म्हणतो त्याचे, वरचे कवच पुष्कळदा अशाच कडक प्लास्टिकचे असते. त्यावरची जुनी चित्रे काढताना पेट्रोल किंवा थिनर लावले, तर कवचात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडू शकतात. वरून हेल्मेट पूर्वीसारखेच दिसते. त्याची परीक्षा होते ती मात्र रस्त्यावर पडल्यावर, आणि तेव्हा कळून उपयोग काय? हेल्मेटला कोमट पाणी आणि साधा साबण, याखेरीज काही लावू नये. तेवढ्याने चित्र निघाले नाही तर राहू द्यावे.

आता प्रत्यक्ष काम. स्टीलचे नवे भांडे आणले की घरोघरी एक युक्ती करतात. भांडे क्षणभर विस्तवावर धरतात आणि लेबल सोलतात. डिंक उष्णतेने मऊ होतो म्हणून ते अखंड निघते. युक्ती उत्तम आहे, पण प्लास्टिकला विस्तव चालणार नाही आणि उकळते पाणीही नको. पाण्याची पातळ बाटली उकळत्या पाण्याने आकसून वाकडी होते. पण आपल्याकडे त्याहून सोपी सोय आहे. परभणीच्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात डबा दहा-पंधरा मिनिटे ठेवा. लेबल चांगले कोमट लागले की एक कोपरा नखाने उचलून, डब्याला लगटून, मागे दुमडत दुमडत सावकाश ओढा. झटक्याने वर ओढलेत तर कागद फाटतो. हिवाळ्यात कोमट पाण्यात फडके भिजवून लेबलावर ठेवले तरी चालते. मात्र एक ध्यानात ठेवा. वर्ष वर्ष उन्हात पडलेल्या डब्याची गोष्ट वेगळी. तिथे डिंक हवेने आणि उन्हाने करपून कडक झालेला असतो. तो ऊन दाखवून सुटत नाही, त्याला तेलच हवे. म्हणून लेबल काढायचे तर पहिल्याच दिवशी काढावे.

कागद गेला आणि चिकटा उरला, की प्रथम पाणी न लावता बोटाने एकाच दिशेने घासून पाहावे. ताजा डिंक मळीसारखा गोळा होऊन येतो. किंवा चिकटपट्टीचा तुकडा त्यावर दाबून चटकन उचलावा. चिकट्याला चिकटाच ओढून नेतो. एवढ्यावर निम्मे डाग जातात.

राहिलेल्यासाठी तेल. कापसाच्या बोळ्याने डागावर तेल लावा आणि पंधरावीस मिनिटे त्याकडे पाहू नका. लोकांची चूक इथेच होते. तेल लावतात आणि लगेच घासू लागतात, मग म्हणतात तेलाने काही होत नाही. तेलाला डिंकात शिरायला वेळ लागतो. मग जुन्या प्लास्टिकच्या पट्टीने किंवा बांबूच्या कामटीने हलकेच लोटा. चाकू, पाते, तारेची घासणी, अगदी नारळाचा काथ्यासुद्धा पारदर्शक डब्याला ओरखडे पाडतो, आणि त्या ओरखड्यांत पुढे मळ कायमचा बसतो. शेवटी तेल टिपायला चिमूटभर डाळीचे पीठ चोळा आणि साबणाच्या पाण्याने धुवा.

तेल कोणते घ्यावे, यालाही महत्त्व आहे. खोबरेल घ्या किंवा शेंगदाण्याचे घ्या. आपल्याकडे करडई पिकते, तेव्हा साहजिकच करडईच्या तेलाकडे हात जातो. खायला ते उत्तम, पण या कामाला ते मला तितकेसे पसंत नाही. करडईचे आणि त्याहून अधिक जवसाचे तेल पातळ थरात हवेवर राहिले की हळूहळू आटून चिवट होते. जवसाच्या तेलाचे रंग आणि वॉर्निश होतात, ते याच गुणामुळे. म्हणजे डबा नीट धुतला गेला नाही, तर एक चिकटा काढून दुसरा लावल्यासारखे व्हायचे.

याच कारणाने स्वयंपाकघरातला दुसरा एक चिकटा होतो, आणि तो लेबलाच्या चिकट्याहून जास्त छळतो. फळीवरच्या डब्यांची झाकणे, मिसळणाच्या डब्याचे पाळे, तेलाच्या कॅनची बाहेरची बाजू, यांच्यावर पिवळसर, बोटाला ओढ लागणारा थर येतो, तो म्हणजे फोडणीच्या धुराबरोबर उडालेले आणि हवेवर आटलेले तेल. त्याला पुन्हा तेल लावून फारसा लाभ नाही. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून त्याचा लेप द्यावा, अर्ध्या तासाने मऊ फडक्याने पुसावा. थर फार जुना असेल तर धुण्याचा सोडा चालतो, पण तो हाताला लागतो. हातमोजे नसतील तर प्लास्टिकची पिशवी तरी हातात घालावी.

आणखी एक जात आहे. जुन्या विजेरीची मूठ किंवा एखाद्या यंत्राचे मऊ वेष्टण काही वर्षांनी आपोआप चिकचिकीत होते. त्यावर कोणी काही लावलेले नसते. तिथे त्या वरच्या मऊ लेपाचाच दमट हवेने ऱ्हास झालेला असतो. तो वाचवता येत नाही, काढूनच टाकावा लागतो. आधी सेल काढून घ्या आणि स्पिरिटच्या फडक्याने पुसत जा. खालचे कडक प्लास्टिक मोकळे झाले की थांबा.

स्पिरिटचा विषय निघाला म्हणून सांगतो. २०२० च्या कोरोनाच्या साथीपासून घरोघर हात निर्जंतुक करायचे सॅनिटायझर आले. त्यात बहुतांशी स्पिरिटच असते, आणि ते लेबलाचा चिकटा बऱ्यापैकी मऊ करते. पण काचेसारख्या दिसणाऱ्या अ‍ॅक्रिलिकच्या वस्तूवर त्याने बारीक भेगा पडतात. तेव्हा कोणतेही औषध आधी तळाशी, न दिसणाऱ्या जागी थेंबभर लावून पाहावे. जागा पांढुरकी झाली किंवा चिकट लागली तर प्लास्टिकच विरघळते आहे असे समजावे. निलगिरीच्या तेलानेही डिंक झटकन निघतो. पण ६ आकड्याच्या प्लास्टिकला ते सोसत नाही, आणि लहान मुलाच्या पोटात थोडे गेले तरी घातक ठरते. नखांचा रंग काढायचे पाणी तर प्लास्टिकला लावूच नये. त्यात बहुधा असलेले अ‍ॅसिटोन कडक प्लास्टिक खाते.

राहता राहिले पेट्रोल आणि रॉकेल. पेट्रोलने डाग पटकन जातो हे मला मान्य आहे. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरकत जाते आणि पलीकडच्या खोलीतल्या चुलीपर्यंत पोहोचते. डबा या खोलीत पुसावा आणि भडका त्या खोलीतून यावा, असे होऊ शकते. शिवाय सोशीक म्हटलेल्या २ आणि ५ आकड्याच्या प्लास्टिकमध्येही पेट्रोल, रॉकेल मुरते. डबा तडकत नाही, पण वास आठवडाभर जात नाही. त्या डब्यात लोणचे कोण खाईल? रॉकेल वापरायचेच तर खाण्यापिण्याशी संबंध नसलेल्या वस्तूला, अंगणात, विस्तवापासून दूर. आणि उरलेले रॉकेल थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवू नका. मुले पाणी समजून पितात. कोणी प्यालेच तर ओकारी काढायला लावू नये, त्याने ते फुप्फुसात उतरते. तडक दवाखाना गाठावा.

प्लास्टिकमध्ये असे काही मुरते, या गोष्टीवरून मी आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. काही लेबले अशी आहेत की ती काढूच नयेत.

जिंतूर, गंगाखेडकडच्या डोंगराळ भागात उन्हाळ्यात पाणी साठवायला पिंपे लागतात. नवे पिंप महाग पडते, म्हणून माणूस बाजारातून वापरलेले निळे पिंप किंवा पांढरा कॅन उचलतो. घासून पुसून ठेवलेला असतो, पण एका बाजूला चौकोनी चिकट डाग दिसतो. तो डाग म्हणजे तिथले लेबल कोणीतरी ओरबाडून काढले आहे याची खूण. त्या पिंपात आधी काय होते? तेल असेल, सरबताचा पाक असेल, आणि रसायनही असेल. ज्याचे लेबल नाही त्याचा इतिहास नाही. असे पिंप पिण्याच्या पाण्याला घेऊ नये, आणि गुरांच्या पाण्यालाही नको. माती, विटांचे तुकडे भरायला खुशाल घ्या.

कीटकनाशकाच्या डब्याबाबत तर शंकेला जागाच नाही. कीटकनाशक कायदा १९६८ चा, त्याखालचे नियम १९७१ चे. त्या नियमांत लेबल सहजासहजी निघणार नाही असे चिकटवावे, अशी अटच आहे. म्हणजे ते लेबल निघत नाही हा कारखानदाराचा आळस नव्हे, तो आपला बचाव आहे. त्यावर टोकावर उभी केलेली एक चौकट असते. तिच्या खालच्या त्रिकोणाचा रंग पाहा. लाल सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. हिरवा म्हणजे निर्धोक असे मात्र नव्हे. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही रंग कळावा, ही त्यामागची योजना. विषबाधा झाली तर डॉक्टर पहिल्याने विचारतात, औषध कोणते होते? त्या वेळी लेबलासकट डबा हाती असेल तर उपचाराची दिशा ठरते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही.

तरीही सुबक झाकणाचा, एक लिटरचा कॅन पाहिला की हात मोह आवरत नाही. लेबल तेलाने काढले, राखेने घासले, तीन पाण्याने धुतले, उन्हात वाळवले, आता काय राहिले आहे, असे वाटते. राहिलेले असते ते भिंतीत. पुष्कळशी औषधे रॉकेलच्या जातीच्या द्रवात विरघळवलेली असतात, आणि रॉकेल प्लास्टिकमध्ये कसे मुरते ते आपण आताच पाहिले. वास गेला म्हणजे विष गेले असे नाही. त्यात गोडेतेल भरले, की ते तेलच भिंतीतले विष बाहेर ओढू लागते. चिकट्याला जे तेल विरघळवते तेच इथे आपला घात करते. तेव्हा रिकामा झालेला डबा फवारणीच्या वेळीच तीनदा विसळून ते पाणी पंपात ओतावे, डब्याला भोके पाडावीत, आणि नियमात सांगितल्याप्रमाणे तो फोडून वस्तीपासून, विहिरीपासून, ओढ्यापासून दूर पुरावा. जाळू तर मुळीच नये, धूरही विषारी असतो. मायबहिणींना माझे एवढेच सांगणे की, शेतातून रिकामा कॅन घरी आला, तर तो उंबऱ्याच्या आत घेऊ नका. घरधन्याला तिथेच विचारा, कशाचा आहे म्हणून.

शेतातच आहोत तर चिकट सापळ्यांविषयीही बोलून घेऊ. कपाशीतल्या पांढऱ्या माशीसाठी पिवळे आणि फुलकिड्यांसाठी निळे चिकट पत्रे लावायला कृषी विद्यापीठे सांगतात. आपल्या परभणीचे विद्यापीठ तर १९७२ पासून या भागातल्या शेतीसाठी काम करते आहे. हे पत्रे पुष्कळदा प्लास्टिकचे असतात, आणि किडींनी व धुळीने भरले की लोक फेकून देतात. पत्रा जाड असेल तर फेकायचे कारण नाही. किडी जुन्या पट्टीने खरवडून काढाव्या, पत्र्याला वाईट तेल चोपडून तासभर सावलीत ठेवावा, गवताच्या मुठीने पुसावा आणि साबणाने धुऊन वाळवावा. मग त्यावर एरंडेलाचा किंवा पांढऱ्या ग्रीसचा पातळ हात द्यावा. तो डिंकाइतका टिकत नाही, आठवड्याने पुन्हा लावावा लागतो, पण काम देतो. सापळा लावताना हात भरले तर पाण्याच्या नळाकडे धावू नये. आधी तेल, मग साबण, फणसासारखेच.

आता शेवटी बोळे आणि चिंध्या. तेलाने, स्पिरिटने भिजलेल्या चिंध्यांचा गोळा करून कोनाड्यात ठेवू नका. जवसाच्या तेलाच्या चिंध्या तर गोळा करून ठेवल्या की आतल्या आत तापतात आणि कधी कधी आपोआप पेट घेतात. त्या दोरीवर एकेक मोकळी पसरून बाहेर वाळवाव्या, किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्या. आणि हे सारे काम सकाळच्या वेळी, दार उघडे ठेवून करावे. दिवेलागणीनंतर, चूल पेटलेली असताना नको.